पोस्टातली मागणी: तक्रारीपासून ऑर्डरपर्यंतची वाट

टपाल कर्मचाऱ्यांच्या संघटनेचा विभागीय सचिव म्हणून मी ज्या पहिल्या बैठकीला बसलो, तिची मिनिट्स अजून माझ्या फाइलला आहेत. आमचा एक एबीपीएम, म्हणजे सहायक शाखा पोस्टमास्टर, रोज टपालाची थैली गावाजवळच्या एसटी थांब्यावरून आणायचा. ती गाडी बंद झाली आणि थैली सात किलोमीटरवरच्या सब ऑफिसातून आणायची पाळी आली. टीआरसीए, म्हणजे ग्रामीण डाक सेवकाला कामाच्या तासांवर मिळणारा मोबदला, मात्र चार तासांचाच राहिला. बैठकीत मी दहा मिनिटं तळमळून बोललो. अधीक्षक साहेबांनी ऐकून घेतलं, चहा झाला, आणि मिनिट्समध्ये एक ओळ आली: 'मुद्दा तपासून योग्य ती कार्यवाही केली जाईल.' पुढच्या बैठकीत तीच ओळ. त्याच्या पुढच्या बैठकीतही तीच. त्यातून जे शिकलो ते नव्याने सचिवपद घेतलेल्या आणि उद्या घेऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. कारखान्यात युनियन आणि मालक टेबलाशी बसून तीन-चार वर्षांचा पगारकरार करतात, तसं भारतीय डाक विभागात होत नाही. अमेरिकेत होतं. तिथे १८ मार्च १९७० रोजी न्यूयॉर्कच्या टपाल कामगारांनी कायदा मोडून संप सुरू केला, आठवडाभरात तो दोन लाखांच्या घरात गेला, आणि त्याच वर्षी नवा कायदा होऊन संघटनांना पगाराबद्दल वाटाघाटी करण्याचा हक्क मिळाला. संपाचा हक्क नाही मिळाला. बोलणी फिसकटली तर लवाद, आणि त्याचा निवाडा दोघांवर बंधनकारक. आपल्याकडे खात्यातल्या कर्मचाऱ्यांचा पगार वेतन आयोगाच्या शिफारशींवरून ठरतो, ग्रामीण डाक सेवकांचा त्यांच्यासाठी नेमलेल्या समितीच्या, आणि उरलेलं सगळं परिपत्रकं, मिनिट्स आणि ऑर्डरी यांवर चालतं. म्हणून आपल्या वाटाघाटी ऑर्डरसाठी असतात. ऑर्डरीवर सही होईपर्यंत काहीही मिळालेलं नसतं.

तुमचा माणूस कोणत्या वर्गात आहे ते आधी पाहा

पोस्टमन, मेल गार्ड, एमटीएस (मल्टी टास्किंग स्टाफ), पोस्टल असिस्टंट, सॉर्टिंग असिस्टंट हे खात्याचे नियमित कर्मचारी. त्यांना केंद्रीय वेतनश्रेणी, महागाई भत्ता, सीसीएस (केंद्रीय नागरी सेवा) नियम आणि संयुक्त सल्लागार यंत्रणा, म्हणजे आपण ज्याला जेसीएम म्हणतो ते, सगळं लागू.

बीपीएम (शाखा पोस्टमास्टर), एबीपीएम आणि डाक सेवक हे ग्रामीण डाक सेवक; त्यांची गोष्ट निराळी. २०१८च्या दुरुस्तीनंतर बीपीएमला चार तासांसाठी १२,००० आणि पाच तासांसाठी १४,५०० रुपये, तर एबीपीएम आणि डाक सेवकांना १०,००० आणि १२,००० रुपये असा मूळ टीआरसीए ठरला. त्यावर महागाई भत्ता आणि वर्षाला तीन टक्के वाढ. त्यांचे सेवानियमही वेगळे. पण ते वाऱ्यावर आहेत असं कोणी सांगितलं तर मान्य करू नका. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने राजम्मा प्रकरणात सांगितलं की हे पद नागरी पद आहे आणि राज्यघटनेच्या कलम ३११चं संरक्षण त्याला आहे. चौकशी न करता घरी बसवता येत नाही, ते या निकालामुळे.

ही विभागणी मी पहिल्या पायरीवर ठेवतो, कारण अर्ध्या मागण्या चुकीच्या दारावर जातात. बीपीएमच्या तासांचा प्रश्न जेसीएमच्या भाषेत मांडला तर तो पहिल्याच शेऱ्यात परत येतो.

मान्यता, वर्गणी आणि हिशेबाची वही

युनियनच्या नोंदणीचा अर्ज करायला सात माणसं पुरतात; आधी हे १९२६च्या ट्रेड युनियन कायद्यात होतं, आता औद्योगिक संबंध संहितेत आहे. पण नोंदणी झाली म्हणून साहेब चर्चेला बोलावतील असं नाही. त्यासाठी खात्याची मान्यता लागते आणि ती मिळते १९९३च्या सेवा संघटना मान्यता नियमांखाली. एखाद्या प्रवर्गातले किमान ३५ टक्के कर्मचारी तुमच्याकडे असले तर मान्यता. अशी एक संघटना असताना दुसऱ्या क्रमांकाच्या संघटनेला ३५ टक्के गाठता आले नाहीत, तरी किमान १५ टक्के सदस्य असले तर तिलाही मान्यता मिळू शकते. ही टक्केवारी मोजली जाते पगारातून कापल्या जाणाऱ्या वर्गणीवरून. ग्रामीण डाक सेवकांच्या संघटनांची पडताळणी वेगळी होते.

याचा साधा अर्थ असा की सदस्यत्वाचा फॉर्म हाच तुमचा पाया. मोर्च्याला दोनशे माणसं आली आणि फॉर्म साठच भरले असतील, तर खात्याच्या लेखी तुम्ही साठ आहात. फॉर्मवर नाव, हुद्दा, एम्प्लॉयी आयडी आणि सही स्वतः तपासा. पडताळणीच्या वेळी फॉर्म बाद होतात ते फुटकळ चुकांपायी, आणि तेव्हा दुरुस्तीला वेळ नसतो.

निधीबद्दल जास्त कडक राहा. नियम सांगतो की संघटनेचा पैसा सदस्यांच्या वर्गणीतून आणि सरकारने दिलं तर अनुदानातून यावा, आणि राजकीय कामासाठी निधी ठेवू नये. एप्रिल २०२३मध्ये डाक विभागाने एनएफपीई हा टपाल कर्मचाऱ्यांचा महासंघ आणि त्याच्याशी संलग्न ग्रुप 'सी' कर्मचाऱ्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली. कारण दिलं ते निधी बाहेरच्या आंदोलनांना आणि संघटनांना दिल्याचं. एवढ्या जुन्या आणि मोठ्या महासंघाची मान्यता जमाखर्चाच्या वहीतल्या नोंदींवरून काढली गेली. त्या कारवाईबद्दल माझं मत कडवट आहे, पण सचिव म्हणून त्यातून घ्यायचं ते घेतलंच पाहिजे: प्रत्येक खर्चाची पावती, प्रत्येक पावतीमागे कार्यकारिणीचा ठराव, आणि दरवर्षी ऑडिट.

एकाची तक्रार सगळ्यांचा मुद्दा कशी होते

त्याच नियमांत एक अट आहे आणि नवे सचिव हमखास तिच्यावर अडखळतात. मान्यताप्राप्त संघटनेला एका कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक सेवाप्रश्नाची बाजू घेता येत नाही. समान हिताचे मुद्देच मांडता येतात. 'अमुक पोस्टमनची बदली रद्द करा' असं लेटरहेडवर लिहिलंत तर उत्तरच येणार नाही, आणि वर तुमच्याविरुद्ध एक कागद जमा होईल.

मग करायचं काय? वैयक्तिक अर्ज त्या माणसाने स्वतः, स्वतःच्या सहीने, आपल्या वरिष्ठांमार्फत करावा. तुम्ही शेजारी बसून मसुदा नीट करून द्या. आणि त्या प्रकरणाच्या मुळाशी असलेला नियमाचा प्रश्न संघटनेने उचलावा. बदली एकाची असेल, पण रोटेशनची यादी लावली नाही ही अडचण सगळ्यांची. रजा एकाची नाकारली असेल, पण बदली माणूस मिळत नाही म्हणून पूर्ण सब डिव्हिजनमध्ये रजा अडतात, ही अडचण सगळ्यांची. शिस्तभंगाची चौकशी असेल तर वाट वेगळी: तिथे आरोपीला डिफेन्स असिस्टंट घेता येतो, आणि नियम चाळलेला अनुभवी सहकारी तिथे मोर्च्यापेक्षा जास्त उपयोगाचा.

माझ्या थैलीच्या प्रकरणात मी इथेच चुकलो होतो. मी एका माणसाचं दुःख मांडत होतो. नंतर विचारपूस केली तेव्हा कळलं, एसटीच्या फेऱ्या बंद झाल्याने आमच्या डिव्हिजनमध्ये आणखी चार शाखा डाकघरांची थैली अशीच लांब गेली होती.

माप घ्या

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. ग्रामीण डाक सेवकाचा टीआरसीए कामाच्या तासांवर ठरतो आणि तास मोजमापावर. थैलीची ने-आण, वाटपाचं अंतर, खात्यांचे व्यवहार, आरपीएलआयचे (ग्रामीण टपाल जीवन विम्याचे) हप्ते, रजिस्टरं हे सगळं त्या हिशेबात धरलं जातं. मोजमाप जुनं असेल तर पगारही जुना राहतो. पोस्टमनच्या बीटचं, काउंटरवरच्या असिस्टंटचंही तेच. आकडे नसले की 'कामाचा ताण वाढला आहे' हे वाक्य साहेबांच्या टेबलावर येणाऱ्या डझनभर वाक्यांतलं एक होऊन जातं.

आम्ही काय केलं ते सांगतो. दोनशे पानी वही घेतली आणि पानावर सहा रकाने आखले: तारीख, घरून निघाल्याची वेळ, सब ऑफिसात थैली हातात पडल्याची वेळ, शाखेत परत आल्याची वेळ, वाटप संपल्याची वेळ, शेरा. पाचही एबीपीएमनी पंधरा दिवस रोजच्या रोज, त्याच दिवशी, एकाच पेनाने भरलं. रविवार आणि सुट्ट्या लिहून सोडल्या. पाऊस असेल त्या दिवशी शेऱ्यात 'पाऊस, ओढ्याला पाणी' एवढंच. थैलीची वेळ सब ऑफिसच्या नोंदीशी जुळते का ते आठवड्यातून दोनदा पाहिलं. एका जागी वीस मिनिटांचा फरक निघाला तेव्हा आमची नोंद सुधारली, कारण एक आकडा खोटा ठरला की उरलेले चौऱ्याहत्तर दिवसही खोटे ठरतात. अंतर मोटारसायकलच्या काट्यावर मोजलं आणि मेल ओव्हरसियर (शाखांच्या कामावर देखरेख ठेवणारे) पुढच्या फेरीला आले तेव्हा त्यांनाही तोच रस्ता दाखवला. त्यांनी त्यांच्या डायरीत अंतर लिहिलं. तो आकडा आमचा राहिला नाही, खात्याचा झाला. मागणीत जीव येतो तो इथे.

जुनं मोजमापाचं पत्रक कार्यालय देत नसेल तर माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपयांची फी पोस्टल ऑर्डरने भरता येते आणि ती तर आपल्याच काउंटरवर मिळते. तीस दिवसांत उत्तर आलं पाहिजे. अर्जात 'का' विचारू नका; 'अमुक शाखेच्या शेवटच्या मोजमापाच्या पत्रकाची प्रत द्या' असा कागदच मागा.

अजेंडा

विभागीय अधीक्षकांबरोबर ठरावीक काळाने बैठक होते, तिच्या आधी विषयांची यादी द्यावी लागते. मी बघतो, लोक वीस-पंचवीस विषय देतात. प्रत्येकाला दोन मिनिटं मिळतात आणि अवघड विषय चहाच्या वेळेला येतो. पाच-सहाच द्या. ज्याचे कागद पूर्ण आहेत तो पहिला.

विषय कसा लिहायचा, तर असा:

*विषय: पाच शाखा डाकघरांतील एबीपीएमच्या कामाची फेरमोजणी. वस्तुस्थिती: थैलीच्या देवघेवीचं ठिकाण बदलल्याने रोजचं अंतर वाढलं आहे, शाखानिहाय जुनं व नवं अंतर सोबतच्या तक्त्यात. शेवटची मोजणी ठिकाण बदलण्याआधीची आहे. मागणी: पुढील तीस दिवसांत उपविभागीय निरीक्षकांमार्फत फेरमोजणी व्हावी आणि पात्र ठरल्यास ठिकाण बदलल्याच्या तारखेपासून टीआरसीए सुधारावा. सोबत: पंधरा दिवसांच्या नोंदी, तक्ता, ठिकाण बदलल्याच्या मेमोची प्रत.*

'अन्याय', 'पिळवणूक' हे शब्द इथे नाहीत. ते शब्द खरे आहेत आणि सभेत मी ते वापरतो. पण हा कागद अधीक्षकांकडून रीजनला, म्हणजे वरच्या प्रादेशिक कार्यालयाला, जाणार, तिथे तो वाचणाऱ्या माणसाला शेरा मारायला आकडा आणि नियम लागतो.

बैठकीत आणि बैठकीनंतर

दोन माणसं जा: एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. साहेब जे वाक्य बोलतील ते शब्दशः टिपा. एखाद्या विषयावर 'नाही' आलं तर कोणत्या नियमाखाली, ते तिथेच आदराने विचारा. नियमासकट आलेला नकार वर नेता येतो. नुसती मान हलली तर वर न्यायला हातात काहीच नसतं. आणि दोन विषय सुटले, दोन लांबले असं झालं तर तणतणत बाहेर पडू नका. त्याच माणसाशी तुम्हाला पुढच्या बैठकीतही बोलायचं आहे.

मिनिट्सचा मसुदा आला की लगेच वाचा. 'तपासून कार्यवाही' असं लिहिलेलं दिसलं, तर त्याच दिवशी पत्र द्या की बैठकीत अमुक अधिकाऱ्याने अमुक मुदतीत मोजणी करण्याचं मान्य केलं होतं, तशी नोंद व्हावी. मला तीन बैठका लागल्या त्या हे पत्र न दिल्यामुळे. मिनिट्समध्ये कोण, काय, कधीपर्यंत या तीन गोष्टी आल्या पाहिजेत. आणि ऑर्डर हातात आल्याशिवाय विषय बंद करायला संमती देऊ नका; 'कार्यवाही सुरू' हा शेरा असेल तर विषय पुढच्या यादीत पुन्हा घ्या.

डिव्हिजनच्या वर

डिव्हिजनच्या हातात नसलेला विषय रीजनच्या पोस्टमास्टर जनरलकडे, तिथून सर्कलला चीफ पोस्टमास्टर जनरलकडे, आणि धोरणाचा असेल तर दिल्लीत खात्याच्या मुख्यालयाला, डाक भवनला. आपलं महाराष्ट्र सर्कल गोव्यासकट आहे. कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या डिव्हिजनचे विषय पणजीच्या गोवा रीजनकडे जातात. नवा सचिव पुण्याकडे पत्र पाठवतो आणि महिना वाया जातो.

१९६०च्या जुलैमध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांचा पाच दिवसांचा मोठा संप झाला. त्यानंतरच्या विचारातून १९६६मध्ये जेसीएम आलं: राष्ट्रीय परिषद, विभागीय परिषद आणि खाली प्रादेशिक पातळीवरची परिषद. यातली सर्वात मौल्यवान तरतूद म्हणजे सक्तीचा लवाद. वेतन-भत्ते, कामाचे साप्ताहिक तास आणि रजा या तीन बाबींवर, एखाद्या वर्गाच्या किंवा श्रेणीच्या प्रश्नात एकमत झालं नाही तर प्रकरण लवादाकडे नेता येतं. निवाडा दोन्ही बाजूंवर बंधनकारक. फक्त संसदेला तो बदलता येतो. म्हणून वरच्या परिषदेत असहमतीची नोंद स्पष्ट झाली पाहिजे.

सध्या आठव्या वेतन आयोगाचं काम आहे. अध्यक्ष न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई; कार्यकक्षेला मंत्रिमंडळाने २८ ऑक्टोबर २०२५ रोजी मंजुरी दिली आणि अहवालाला अठरा महिने दिले. ग्रामीण डाक सेवक या कक्षेत नाहीत. त्यांच्या संघटनांना वेगळ्या समितीचा आग्रह धरावा लागेल, आणि त्यासाठीही गावोगावच्या त्या वह्याच लागतील.

२०१६ची आठवण इथे ठेवतो. सातव्या आयोगाने किमान वेतन १८,००० केलं. ते अपुरं म्हणून केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संयुक्त कृती समितीने ११ जुलै २०१६ पासून बेमुदत संप पुकारला होता. मंत्र्यांशी बोलणी झाली, समिती नेमून विचार करण्याचं आश्वासन मिळालं आणि संप पुढे ढकलला. किमान वेतन १८,०००च राहिलं.

संपाची पायरी

काळी फीत, जेवणाच्या सुट्टीतली निदर्शनं, धरणं, मग संप हा क्रम पाळा. संपाची नोटीस दिल्यावर चौदा दिवस जाऊ द्यावे लागतात. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. नव्या संहितेत निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. 'सामूहिक रजा' हा जुना उपाय आता सुरक्षित राहिलेला नाही, हे सदस्यांना आधी सांगा.

किंमतही सांगा. केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियमांतल्या नियम ७ प्रमाणे संप मना आहे. रंगराजन प्रकरणात २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही असं म्हटलं. त्या दिवसांचा पगार जातो, दिवस 'डायस नॉन', म्हणजे सेवेत न मोजलेले, धरले जातात. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याला हे माहीत असून तो संपात उतरला, तर ते उतरणं खरं.

तरीही संपाने मिळालेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ग्रामीण डाक सेवकांसाठी नेमलेल्या कमलेशचंद्र समितीचा अहवाल नोव्हेंबर २०१६मध्ये आला आणि दीड वर्ष पडून राहिला. २२ मे २०१८ला ग्रामीण डाक सेवक संपावर गेले. शाखा बंद, थैल्या पडून, आणि रोज संध्याकाळी फोनवर एकच प्रश्न, 'काही आलं का?' ६ जूनला मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि १ जुलैपासून नवा टीआरसीए सुरू झाला. आठ तास आणि पेन्शन त्यात नव्हतं. १२ डिसेंबर २०२३ला पुन्हा संप झाला. मार्च २०२४मध्ये १२, २४ आणि ३६ वर्षांच्या सेवेला वर्षाला अनुक्रमे ४,३२०, ५,५२० आणि ७,२०० रुपयांची वाढ जाहीर झाली. महिन्याला भागून पाहा: पहिली वाढ ३६० रुपये. मागणी मोठी होती, हाती आलं ते एवढं. हेही सदस्यांना आकड्यांत सांगावं.

मुंबईच्या माणसांना ११ जुलै १९४६ माहीत असावा. व्ही. जी. दळवींच्या नेतृत्वाखाली पोस्टमन आणि खालच्या श्रेणीतले कर्मचारी देशभर संपावर गेले आणि त्यांच्या पाठिंब्याला मुंबईचे, मग कलकत्त्याचे कामगार बाहेर पडले. पोस्टमनसाठी गिरणी कामगार का थांबला, तर पोस्टमन त्याच्या दाराशी रोज येत होता. संपाआधी गावातल्या लोकांना, बचत गटातल्या ताईंना, पेन्शनवाल्या आजोबांना जाऊन भेटा. आपल्या बंदीचा पहिला त्रास त्यांना होणार असतो.

न्यायाधिकरण, थोडक्यात

सगळं करून उत्तर आलं नाही, तर केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण. आधी लेखी निवेदन दिलेलं हवं. सहा महिने उत्तर नाही आलं तर पुढच्या एका वर्षात अर्ज. अंतिम नकार आला असेल तर त्या तारखेपासून एक वर्ष. निवेदनाची पोच जपा. ही मुदत गेल्याने बुडालेली चांगली प्रकरणं मी पाहिली आहेत.

ऑर्डर आल्यावर

आमच्या पाच शाखांची फेरमोजणी झाली. तीन पाच तासांत बसल्या, दोन थोडक्यात राहिल्या. ऑर्डरची झेरॉक्स घेऊन त्या एबीपीएमदादांच्या घरी गेलो. त्यांच्या मुलीने मोठ्याने वाचली आणि मध्येच थांबून विचारलं, 'काका, यात तारीख आजची आहे, गाडी तर दोन वर्षांपूर्वी बंद झाली ना?' आनंदाच्या भरात ते माझ्या नजरेतून निसटलं होतं. तेव्हा ऑर्डर हातात आली की चार गोष्टी वाचा: कोणत्या तारखेपासून लागू, फरकाची रक्कम कोणी आणि कधीपर्यंत काढायची, प्रत अकाउंट्सला गेली आहे का, आणि सर्व्हिस रेकॉर्डमध्ये नोंद करायला सांगितली आहे का. एखादी नसेल तर तोच विषय नव्या क्रमांकाने पुढच्या अजेंड्यात घाला. आम्ही घातला. फरक मिळायला आणखी सात महिने लागले.